नोटीस घेवची नाय

आबांनी आयुष्यात एकही नोटीस घेतली नव्हती. पोस्टमन लांबून दिसला की ते माडाच्या आडोशाला जायचे आणि तिथूनच ओरडायचे, "मालक घरात नाय!" पोस्टमनही "बरा, इले की सांगा" म्हणून परत फिरायचा.

कारण धाकट्या भावाशी, सदाशी, दोन घरांमधल्या फणसावरून चाललेला दावा. तो लावला आबांनीच, पण उलट नोटीस घ्यायची नाही हा त्यांचा बाणा. सदा डोंबिवलीला निघून गेला, फणस म्हातारा झाला, दावा मात्र तरणाताठा राहिला. आबा भावाचे नाव म्हणून घेत नसत. "प्रतिवादीच्या झिलाचा लगीन ठरला," असे सख्ख्या पुतण्याबद्दल सांगायचे. मालवणात माझे इंटरनेट कॅफे होते. तिथल्या वहीतही नावाच्या रकान्यात ते 'वादी' एवढेच लिहायचे.

आबांचे आले घातलेले गुळाचे खाजे जत्रांतून प्रसिद्ध. धंदा दोघा भावांनी मिळूनच काढलेला. "मुंबैची गिऱ्हायका माका कम्पुटरात शोधतत," म्हणत एक दिवस ते कॅफेत आले, तेव्हा 'आबाखाजे डॉट कॉम' हे नाव नोंदवायचे मीच सुचवले.

"हेचो सातबारो खंय मिळतलो?"

"सातबारो नसता, आबा. दर वर्सा मुदत वाढवून घेवची."

"म्हणजे मालक येगळोच! आपण कूळ! मगे कूळकायदो लागता काय?"

लागत नाही म्हटल्यावर त्यांना इंटरनेट हा एकूणच कच्चा कारभार वाटला. तरी नाव घेतले, पान केले, त्या पानाचा पत्ता छापलेल्या पिशव्याही काढल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा हजर. "आणखी एक नाव घेवचा आसा. सदाखाजे."

मला हसू आवरेना. "प्रतिवादीची वाट अडवतास?"

"तुका काय करूचा आसा? सांगतंय ता कर."

ही बातमी मीठमसाला लावून बाजारात पोचवली ती मीच.

पहिल्या नावाचे वर्ष सरत आले तशी ईमेल आली. तिच्या माथ्यावरच 'रिन्यूअल नोटीस'. मी ते मोठ्याने वाचले, हीच घोडचूक. आबांनी पडद्यावर पंजा ठेवला.

"उघडू नको मेल्या! घेतलंस काय अडाकलंस!"

"आबा, ही कोर्टाची नाय. नाव जायत तुमचा!"

"सगळ्या नोटिसांत तसाच लिवलेला असता."

पाच-सहा ईमेली बंदच राहिल्या. शेवटी मीही नाद सोडला. सोडायला नको होता.

मुदत संपली, वरची सवलतीची मुदतही संपली आणि नाव कुणा परक्याने उचलले. पान उघडले तर तिथे बूट विकायला.

"माझ्या जाग्यार चपलांचा दुकान घातल्यान?" आबांनी दोन दिवस वहिवाटीचा मुद्दा लावून धरला. पुढच्या जत्रेत ते पिशव्या उलट्या करून, पत्ता आत दडवून खाजे भरून देत होते. मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते कॅफेत आल्यावर मी म्हटले, "सदाखाजे अजून तुमच्याच ताब्यात आसा. आपला दुकान थंय हलवया."

"ती तेची जागा. थंय मी चूल मांडू?"

"मगे घेतलात कित्याक?"

आबांनी कीबोर्डावरची धूळ बोटाने पुसली. "खाजा माझ्यापेक्षा तेकाच बरा जमता. कधीतरी परत येतलो. तवसर कोणी नाव घेतल्यान तर? माझा गेला ता माझ्या कर्मान. तेचा जावक नये."

बाजारभर काय सांगत फिरलो होतो ते आठवून मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर आबा रोज सकाळी येऊन विचारायचे, "इली काय?" आठवड्याभराने सदाच्या नावाची नोटीस आली. आबांनी चष्मा धोतराला पुसला, माझा हात बाजूला सारला आणि आयुष्यातली पहिली नोटीस स्वतः उघडली. मी मुदत वाढवली.

"सही खंय करूची?"

सही कुठेच लागत नव्हती, तरी मी कॅफेची वही पुढे केली. आबांनी नेहमीप्रमाणे 'वादी' लिहिले, थांबले, ते खोडले आणि कचेरीतल्या वळणदार अक्षरात खाली लिहिले: 'नोटीस मिळाली. सदासाठी घेतली. थोरला भाऊ.'