सावनीची चाचणी फेरी

आमच्या दिवाणखान्यातल्या खेळण्यातल्या रेल्वेला एक अंगठ्याएवढे स्टेशनमास्तर आहेत, आणि सावनी कधीपासून रांगणार हे त्यांना वेळापत्रकासाठी हवं होतं.

रेल्वे माझ्या नवऱ्याची, श्रीरंगची. सावनी आमची दोघांची, पण ती अजून रांगत नाही ही काळजी बहुधा माझी एकटीची. तिच्या बरोबरीची बाळं सोफे चढायला लागलीत. माझंच काहीतरी चुकतंय. नेमकं काय, ते कळत नाही.

“नक्की नाही सांगता येणार,” मी म्हटलं.

“वहिनी, हे काय उत्तर झालं? फलाटावर माणसं खोळंबलीत.”

खरंच खोळंबली होती. एकीने तर जेवणाचा डबाही उघडला होता.

मास्तरांनी सावनीची पाहणी केली. ती गादीवर पालथी पडून त्यांच्याकडे बघत होती.

“एवढ्या मऊ जागेवर इंजिनसुद्धा निघणार नाही. खाली टणक काहीतरी हवं. आणि गुडघ्यांना हे काय?”

“तेल. मालिश करते ना रोज.”

“रुळांना तेल लावतं का कोणी? चाकं जागच्या जागी फिरतात.”

“पण बाळाला तर...”

“ऐक त्यांचं,” श्रीरंग पेपरामागून म्हणाला. “माझं मालगाडीचं इंजिन त्यांनीच मार्गी लावलं.”

मी गादी काढली, चटई घातली, गुडघे पुसले. टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मास्तर ओरडले, “एकदम वेग नको!” डॉक्टर तर टाळ्या वाजवा म्हणाले होते. मी हात तसेच हवेत धरून बसले.

सावनी निघाली. मागे.

“उलटी का जातेय?” मी घाबरले.

“शंटिंग. चालायचंच.”

मग ती पुढे निघाली. गाडी थांबवण्यात आली. सावनीने रूळ ओलांडले आणि बेडरूमच्या दारातून आत दिसेनाशी झाली. मी धावले, तर समोर लाल बावटा.

“पुढची गाडी पुढचं स्टेशन पार करेपर्यंत मागची सोडता येत नाही.”

“ती गाडी नाही हो, माझी मुलगी आहे!”

“तेच म्हणतोय मी, वहिनी.”

आत फरशीवर तळव्यांचे फटफट आवाज लांब लांब जात होते. फलाटावरच्या डबा उघडलेल्या बाई माझ्यासाठी बाकावर जरा सरकल्या.

मी बसले.