योसेफ मास्तरांच्या मयतीची तालीम

योसेफ मास्तरांच्या मयतीला मी तीन-चारदा तरी जाऊन आलो असेन. दर वेळी शेवटचा चहा त्यांनीच केला.

मास्तर म्हणजे आमच्या पालमचे बँडमास्तर. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं घर. गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, पण मास्तरांच्या क्लॅरिनेटशिवाय कुणाच्याही घरची वरात निघत नसे. वय झालं तसा त्यांनी बँड आपल्या जुन्या ढोलवाल्याच्या, गफूरच्या, हवाली केला. मात्र रविवारची उपासना आटोपली की अख्ख्या बँडनं त्यांच्या अंगणात जमायचं, हा दंडक. तिथं तालीम व्हायची. कशाची, तर मास्तरांच्या मयतीची.

मास्तर बँडचा लाल कोट घालून खाटेवर उताणे पडत, हात छातीवर घेत, डोळे मिटत आणि म्हणत, “हं, मेलो. करा सुरू.”

अडचण एकच होती. या पोरांचा जन्म वराती वाजवण्यात गेलेला. भक्तिगीत सुरू व्हायचं गंभीर, पण दुसऱ्या कडव्याला ढोल आपसूक नाचायला लागायचा. मग मयत एक डोळा उघडायची. “गफूर, मेलोय मी. बहिरा न्हाई झालो!”

एकदा बसस्टँडकडं निघालेला एक पाहुणा आवाज ऐकून अंगणात शिरला, पिशवी खाली ठेवली आणि मनसोक्त नाचला. घाम पुसत त्यानं विचारलं, “नवरदेव कुठाय?” गफूरनं मुकाट्यानं खाटेकडं बोट दाखवलं. खाटेवरचे मास्तर उठून बसले आणि म्हणाले, “सलाम!” पाहुण्यानं पिशवी तिथंच सोडली. ती नंतर मी स्टँडवर नेऊन दिली.

मास्तरांच्या कोशात ‘मरण’ हा शब्दच नव्हता. “मरतंय कोण? बदली हाय नुसती,” असं ते म्हणत. “हितली नोकरी कच्ची, तिथली कायम.” चर्चचे पाळकसाहेब ज्याला सार्वकालिक जीवन म्हणत, त्याचं हे मास्तरांचं भाषांतर. आपल्यापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. आमच्या गल्लीतले पाटीलबुवा वारले तेव्हा मास्तर भेटायला गेले, थोरल्या मुलाचा हात हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले, “लय चांगली बदली झाली बघा.” मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तो रडायचं थांबून म्हणाला, “कुठं? ऑर्डर तर आली न्हाई अजून!”

पाळकसाहेबांशीही त्यांचं वाजायचं. स्वर्गात वीणा वाजते, हे मास्तरांना कबूल होतं. नुसती वीणाच वाजते, हे मात्र मान्य नव्हतं.

“एवढी खलकत जमणार आन् ढोल न्हाई? मागच्याला ऐकू कसं जाणार?”

“मास्तर, तिथं देवदूत वाजवतात,” पाळकसाहेब म्हणाले.

“वाजवू द्या की. पण त्यांचा ताल कोण बघतंय?”

इतका स्वर्गाचा ओढा, पण हा माणूस रस्ता ओलांडायला पाव तास घ्यायचा. चैत्रातसुद्धा कानटोपी. वर सकाळी आल्याचा काढा. मी एकदा विचारलं, “मास्तर, जायची एवढी तयारी, मग जिवाला एवढं जपता कामून?”

“सुधाकर, बोलावल्याबिगर जायचं न्हाई कुठं. आगाऊपणा दिसतो.”

गेल्या थंडीत बोलावणं आल्यासारखं झालं. भर दुपारी मास्तर माझ्या दुकानात आले, काउंटरला धरून उभे राहिले. कपाळावर घाम सुटलेला. मी गफूरला हाक मारली आणि आम्ही त्यांना जीपमध्ये घालून परभणी गाठली. वाटेत गफूर रडायला लागला तशी मास्तरांनी मान वळवली. “आत्ताच रडू नको. अजून गाणं बसवलं न्हाई आपण नीट.”

डॉक्टरांनी वाचवलं. संध्याकाळी मला आत सोडलं तेव्हा ते छताकडं बघत पडले होते. कानटोपी नव्हती, त्यामुळं डोकं पोरासारखं लहान दिसत होतं.

“बदली रद्द झाली, मास्तर,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. “भ्यालो रे,” म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसलो.

“जायचं भ्या न्हाई. पण तिथं पोचल्यावर सारा पुढं उभी राहील. तिला काय सांगू?”

साराबाई त्यांची बायको. कोरोनात गेली. इथंच परभणीला दवाखान्यात होती. मास्तरांना त्याच आजारानं पालमला कोंडून ठेवलं होतं. प्लॅस्टिक घातलेल्या माणसांनी तिला कबरस्तानात नेलं. हे मला ठाऊक होतं. मास्तर त्याबद्दल कधी बोलले नव्हते, आणि मीही विषय काढला नव्हता.

“निम्म्या तालुक्याच्या नवऱ्या मी वाजवत नेल्या,” मास्तर म्हणाले. “माझीच गेली ती मुकाट. गाणं न्हाई, कुणी संग न्हाई. मी खाटेवर पडतो न्हवं, ते तिच्या जागी पडतो. तिला कसं ऐकू आलं असतं, ते बघतो. आन् हे गाढव लोक वरात वाजवत्यात!”

मी त्यांचा हात धरून बसलो. मला त्यांच्या धर्मातलं काही कळत नाही. पण परभणीचं कबरस्तान कुठं आहे, ते मला माहीत होतं.

ईस्टरला पहाटे आम्ही सगळा बँड जीपमध्ये कोंबून निघालो. ईस्टर म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस. त्या दिवशी त्यांची माणसं उजाडता उजाडता कबरींवर मेणबत्त्या लावायला येतात. साराबाईच्या कबरीवर साधा सिमेंटचा क्रूस होता. मास्तरांनी पाचोळा हातानं बाजूला केला. क्लॅरिनेट ओठांना लावलं. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली होती, पण कोण बोलणार? दोन ओळी वाजल्या आणि दम तुटला. गफूरनं ढोल खाली ठेवला, त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यांना धरलं. बाकीच्यांनी गाणं उचललं, हळू, एकाही पोरानं ताल न चुकवता.

आजूबाजूची माणसं मेणबत्त्या घेऊन जवळ आली. एका म्हातारीनं पदर डोक्यावर घेत विचारलं, “कुणाची मयत हाय, बाबा?”

“मयत न्हाई, माय,” मास्तर म्हणाले. “बायको निजलीय माझी. उठल तवा सूर वळखीचा वाटावा, म्हणून वाजवायलो.”

म्हातारीनं मान हलवली, हातातली मेणबत्ती साराबाईच्या क्रुसापाशी लावली आणि ऐकायला तिथंच मातीत बसली.