हरीण छाप

आमच्या बमरोलीच्या चाळीत हिलाल आप्पांनी एकाही माणसाला नावाने हाक मारली नाही. पांढऱ्या कपड्यांतला घरमालक बगळा छाप, चष्म्यामुळे मी घुबड छाप आणि माझी बायको सूर्य छाप. सूर्यच का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आप्पा शिरपूरकडचे. आमच्या कारखान्यात घडी घातलेल्या साडीवर छाप चिकटवायचं काम त्यांच्याकडे होतं. मी तिथेच कारकून. आप्पांना अक्षरओळख शून्य, पण छाप वाचावा तर त्यांनीच. "छाप दखा, भाऊ. जेले छाप नही, तेना भरोसा नही," हे दिवसातून दहादा. एकदा त्यांनी चहाचा पुडा वाण्याला परत केला, कारण पुड्यावरच्या मोराचं तोंड उलट्या बाजूला होतं. "काका, चा तो ए ज छे," वाणी गुजरातीत कुरकुरला. आप्पांनी घरून रिकामा जुना पुडा आणून शेजारी ठेवला. माल नकली निघाला. तेव्हापासून चाळीतल्या बायका किराणा आप्पांना दाखवूनच आत नेत, सूर्य छापसुद्धा.

मग पंच्याण्णवच्या सुमारास शेठचा मुलगा शिकून आला आणि त्याने आमच्या साडीवरचं पळतं हरीण काढून टाकलं. त्या जागी लाल गोल आणि त्यात एक तिरकी रेघ.

"काका, मॉडर्न है," त्याने समजावलं.

आप्पांनी छाप सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "शेठ, ये तो जला हुआ पापड है."

दिवाळी जवळ आली होती. बाकीचे कामगार बोनस मागत होते, आप्पा हरीण मागत होते. रोज जेवणाच्या सुट्टीत ते केबिनबाहेर उभे राहत. सगळा कारखाना हसायचा. मी तर विचारलंसुद्धा, "आप्पा, जंगलातून धरून आणू का एखादं?"

चौथ्या दिवशी त्यांनी डबाच उघडला नाही. तेव्हा मी जवळ बसलो आणि नीट विचारलं.

गावी त्यांची बायको, सकूबाई. तिलाही वाचता येत नाही. बारा वर्षं आप्पा दर महिन्याला कोऱ्या कागदावर कारखान्यातल्या वेगवेगळ्या साड्यांचे छाप चिकटवून धाडत होते. दिवा म्हणजे तब्येत बरी. हरीण म्हणजे मी घरी यायला निघालो. हरीण मिळालं की सकूबाई अंगण सारवायला घेई. पाकिटावर पत्ता मीच लिहून देत आलो होतो. आत काय असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"त्यात काय, मी लिहून देतो," मी म्हणालो. "एका ओळीचं काम."

आप्पांनी मान हलवली. "तुम्ही लिखशात, भाऊ. तठे मास्तर वाची दाखाडी. मंग आमनं दोन्हीसनं काय राहीनं?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गोदामात शोधताना मला परत आलेल्या मालात हरीण छापाची एक जुनी साडी सापडली. आप्पांनी ओल्या बोटाने तिच्यावरचा छाप अलगद सोडवला आणि कागदावर लावला. मग खिशातून आणखी एक छाप काढून त्याच्या शेजारी चिकटवला. तो कोणता, ते मी विचारलं नाही. पाकिटावर पत्ता लिहिला आणि आप्पांनी कागद आत सरकवेपर्यंत तोंड फिरवून बसलो.