दोरीवरचे बिननावाचे कागद

बसा जरा, चपला राहू द्या पायात. तिसरीच्या बाईंची काय तारांबळ उडाली ते सांगतो, मग जा.

बाई नव्याच. पालकसभा झाली की हेडसर ठरवणार होते, त्यांना ठेवायचं की घरी पाठवायचं. त्याच आठवड्यात बाईंनी 'अमुक माणूस कशासारखा' हे शिकवायला घेतलं. पोरं काही केल्या 'चंद्रासारखा'च्या पुढं जाईनात. शेवटी बाई म्हणाल्या, "रोज दिसणाऱ्या माणसावर लिहा. नाव घालू नका. कुणी काय लिहिलं ते मीही कुणाला सांगणार नाही, शब्द देते." मग काय, पोरं सुटली! बाईंनी खुशीत सगळे कागद चिमट्यांनी दोऱ्यांवर टांगले.

सभेला आलेल्या शिंप्यानं पहिलाच कागद वाचला. 'तो संपलेल्या लायटरसारखा. नुसतं टक टक, पेटत काही नाही.'

"हे कुणाच्या बापावर लिहिलंय?" शिंपी गुरकावला.

"तुम्हाला का घाम फुटला?" त्याची बायको म्हणाली.

शेजारी दाताचे डॉक्टर वाचत होते. 'तो बंद पडलेल्या लिफ्टसारखा. बोलायला लागला की आपण आत अडकतो.' एरवी तासभर न थांबणारे डॉक्टर जे गप्प झाले, ते झालेच.

पण खरं रण पेटलं ते चांगल्या कागदावरून. 'ती नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी. जवळ गेलं की थंडी पळते.' सात आयांनी एकदम हात घातला.

"माझ्या लेकीचं अक्षर मला कळत नाही होय?"

"अहो, तुमच्या घरी इस्त्री तरी आहे का?"

कागद टर्रकन फाटला. हेडसर धावत आले.

"बाई, कुणी काय लिहिलंय ते आत्ताच्या आत्ता सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

बाईंना सगळ्यांची अक्षरं पाठ. हातातला चिमटा नुसता उघडत होत्या, मिटत होत्या. दारात पोरं श्वास रोखून उभी.

"सर, पोरांना शब्द दिलाय. नाही सांगणार."

"मग मीच ओळखतो!" म्हणत हेडसरांनी दोरीवरचा एक कागद ओढला आणि मोठ्यानं वाचला. "'तो अडकलेल्या हॉर्नसारखा. रस्ता मोकळा असला तरी वाजतो.'"

दारातली पोरं एकदम आपापल्या बुटांकडं बघायला लागली.

हेडसरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. घसा खाकरून म्हणाले, "नावं विचारली की मुलांच्या मनावर परिणाम होतो. बाई, उद्या वेळेवर या."

मी तेव्हा तिथंच होतो, पण दुसऱ्या दोरीपर्यंतच वाचलं. तिसरीपाशी पाय अडले. माझी नात त्याच वर्गात आहे हो. तुम्ही शाळेवरूनच जाणार ना? तेवढी तिसरी दोरी वाचून या. आजोबांसारखं काही दिसलं, तर चांगलं असेल तेवढंच मला सांगा.