चार इंची भिंत

हॉलमध्ये बांधलेली कपड्यांची दोरी तिसऱ्यांदा खिळ्यासकट खाली आली. ओल्या चादरीखालून जालिंदरचं डोकं वर निघालं, तेव्हा बायको यशोधरा समोरच उभी होती.

"सुप्याच्या कंपनीत मशिनी बसवता म्हणं तुम्ही?"

घाव वर्मी लागला. जालिंदर तडक मित्राकडे गेला आणि ड्रिल मशीन, वर वीतभर लांब बिट घेऊन आला. "आता हत्ती वाळत घाल!" म्हणाला आणि बटण दाबलं.

बिट वीतभर आणि भिंत चार इंची, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मशीन हातात एकदम हलकं झालं होतं आणि पलीकडून "आयाऽऽई गं!" अशी पुरुषी किंकाळी उठली होती.

पलीकडे राजेश्वरीबाई राहत. त्यांच्या रुपालीला बघायला कर्जतहून मंडळी आली होती. मुलाचे वडील श्रीमंतराव भिंतीला टेकून चहाचा पहिला घोट घेत होते, तोच कानाशेजारून बिट गरगरत बाहेर आलं. कपातला सगळा चहा पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडला.

"भाऊ, आजचाच दिवस सापडला का तुम्हाला?" धावत आलेल्या जालिंदरला पाहून राजेश्वरीबाई रडकुंडीला आल्या.

"काका, चुकलं माझं. धोतर द्या, आत्ता धुऊन देतो."

"आन मी काय नेसू?"

जालिंदरची लुंगी आली. तिच्यावर हिरवे पोपट होते.

यशोधरेने धोतर धुतलं, पण बाहेर पावसाची झड आणि घरात दोरी नाही. पोपट सावरत श्रीमंतराव स्वतःच भोक बघायला आले.

"आरपार गेलंच हाय, तर लांब बोल्ट घाल की! पल्याडनं नट आवळायचा. मंग बैल बांधला तरी हालायचं न्हाई."

नट आवळायला नवरा मुलगा सुनील पलीकडे राहिला, वॉशर धरायला रुपाली. तोवर दोघं मान खाली घालून बसलेली होती.

"आवळला का?" जालिंदरने इकडून विचारलं.

त्याने भिंतीवर टकटक केली.

"अरे, आवळला का?"

पलीकडून खुदकन हसू आलं. मग रुपालीचा आवाज, "काका, अजून थोडा वेळ लागेल!"

बोल्ट बसला, तार ताणली, धोतर वर चढलं. त्या दमट हवेत ते वाळायला चार तास लागले. 'नंतर कळवतो' म्हणून पंधरा मिनिटांत उठणारी मंडळी जेवायला थांबली. पोपटांची लुंगी नेसून श्रीमंतराव जाणार तरी कुठे? धोतर वाळेपर्यंत गप्पा रंगल्या, नाती निघाली, आणि लग्नाची तारीखच ठरली.

संध्याकाळी जालिंदर मशीन परत करायला निघाला, तर वरच्या मजल्यावरच्या भागूबाईंनी त्याला जिन्यात गाठलं. इकडेतिकडे बघत त्या हळूच म्हणाल्या,

"रविवारी आमच्या वृषालीला बघायला येनार हायेत. आमची भिंत बी चार इंचीच हाय. तेवढं मशीन घिऊन या की!"