दंताजीची सोनेरी चकती

एका जंगलात एक घाट होता. बाळांनो, जंगलात घाट कुणी बांधला ते विचारू नका. घाट बांधणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. चुळबुळ थांबवा आणि ऐका.

त्या जंगलाचा राजा सिंह मोटारीतून फिरायचा. त्याचा सारथी होता एक सांबर. सांबर प्रत्येक वळणावर ब्रेक दाबायचं. महाराजांना ओकारी यायची. शेवटी त्यांनी सांबराला घरी पाठवलं आणि दवंडी पिटवली. दसऱ्याला जो कुणी मोटार सुसाट घाटाखाली आणील आणि महाराजांच्या मांडवापुढच्या चुन्याच्या रेघेवर थांबवील, तो नवा सारथी.

दंताजी नावाच्या रानडुकरानं ते ऐकलं. त्याच्या सात पिढ्या कंद उकरण्यात गेल्या होत्या. आठवीनं तरी राजाचं सारथ्य करावं, असं त्याला वाटलं. मोटार त्याच्याकडे होती. ब्रेक मात्र झिजले होते.

तो साळबा साळिंदराच्या गॅरेजात गेला. साळबानं त्याच्यापुढे ब्रेकची एक जाड, काळपट चकती आणि तिला आवळून चाक थांबवणारे मध्यम जातीचे पॅड टाकले. घाटाला हेच बरं, म्हणाला.

दंताजीची नजर भिंतीवर होती. तिथं एक सोनेरी चकती टांगलेली होती. तिला भोकंच भोकं होती. शेजारी शर्यतीचे लाल पॅड होते.

"ते पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत," साळबा म्हणाला. "आणि त्या चकतीला भोकांपाशी तडे जातात. तुला थांबायचंय की दिसायचंय?"

"आधी दिसायला तर पाहिजे," दंताजी म्हणाला. "थांबायचं काय, कुणीही थांबतं."

साळबानं वाद घातला नाही. सोनेरी चकती महाग होती. बसवून देताना तो एवढंच म्हणाला, की आधी सपाटीवर दहा-वीसदा ब्रेक दाबून पॅड बसू दे, आणि चकतीला तेलाचं बोटसुद्धा लागू देऊ नको.

दसरा उजाडला. दंताजीची बायको रंगू पूजेचं ताट घेऊन आली. काळपट चकतीकडे तिनं ढुंकून पाहिलं नसतं. ही मात्र चाकातून लखलखत होती. रंगूनं हात जोडले. चकतीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि वरून पळीभर तेल सोडलं. तेल प्रत्येक भोकात नीट मुरलं.

दंताजीला साळबाचे शब्द आठवले. पण साळबा इंजिनच्या तेलाबद्दल बोलला असणार. हे देवाचं तेल.

घाटाच्या माथ्यावरून मोटार सुटली. पहिल्या वळणावर दंताजीनं ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं लागलं, चाकं मात्र फिरतच राहिली. दुसऱ्या वळणावर त्यानं तो दोन्ही पायांनी दाबला. तिसऱ्यावर हातब्रेक ओढला, तर दांडाच हातात आला. मग त्यानं डोळे मिटले.

मोटार चुन्याची रेघ ओलांडून मांडवात शिरली आणि पलीकडच्या चिखलात रुतली. महाराज तेवढ्यात जांभळावर चढले होते.

दंताजी चिखलातून बाहेर आला. ब्रेक लागला नाही, असं तो सांगणारच होता. पण कोल्हा प्रधान आधी पोचला. त्यानं चकतीवरून एक बोट फिरवलं. बोट हुंगलं आणि गुपचूप शेपटीला पुसलं. मग तो झाडाकडे पाहून म्हणाला, "महाराज, आजवर तुमच्यापुढे थांबले ते सगळे भित्रे. हा पहिला, जो थांबला नाही. आपल्या राज्याला असाच सारथी हवा."

सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या. झाडावर बसलेल्या राजाला दुसरं काही म्हणता येईना.

"का रे, थांबला का नाहीस?" त्यांनी वरूनच विचारलं.

दंताजीनं खाली पाहिलं. मग वर पाहिलं. सात पिढ्यांचे कंद त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

"थांबणं आमच्या रक्तात नाही, महाराज," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी महाराजांची स्वारी निघायची होती. दंताजीची मोटार आता राजाची मोटार झाली होती. पूजा फळली म्हणून रंगूनं या वेळी वाटीभर तेल ओतलं. प्रधानानं स्वतः महाराजांसाठी मागचं दार उघडलं आणि स्वतः लावलं. आपल्याला पोटाचा त्रास आहे, असं सांगून तो मागे राहिला.

दंताजी दुसऱ्या वळणावर दारातून उडून करवंदीच्या जाळीत पडला. त्याचा एक सुळा गेला. उरलेल्या सुळ्यानं तो हल्ली कंद उकरतो. महाराज मोटारीबरोबर सरळ गेले. वळण तिथं डावीकडे होतं.

सध्या गादीवर कोल्हा आहे. तो पायी फिरतो.

तात्पर्य: ब्रेक नेहमी लोकांना दिसतील असे घ्यावेत. ते लागतात की नाही, हे फक्त आत बसलेल्याला कळतं, आणि तो सहसा सांगायला येत नाही.