गुणाजीचा आठवा खंड

एका जंगलात, मुलांनो, गुणाजी नावाचा साळिंदर राहत होता. बाकीचे साळिंदर कंद जमवत. गुणाजी पुस्तकं जमवायचा.

तीही साधीसुधी नव्हेत. फार पूर्वी, साता समुद्रांपलीकडे, प्युरिटन नावाचे कडक पंडित होते. नाच नको, नाटक नको, सणाला गोडधोड नको. मग दिवस जायचा कसा? ते बायबलच्या एकेका ओळीवर चाळीस-चाळीस पानं भाष्य लिहीत. छपाई हाताने होई, तेव्हाची ही पुस्तकं. एक पाद्रीबाबा असा बारा खंडांचा संच घेऊन जंगलात आले आणि जाताना ज्याला त्याला वाटून गेले.

गुणाजीने अकरा खंड मिळवले. एकावर रानडुक्कर डोकं टेकून झोपत असे. दुसऱ्याने माकडं आवळे फोडत.

त्यांतला आठवा तर अजब होता. त्याच्या पानांच्या घड्या जोडलेल्याच होत्या. वाचणाऱ्याने सुरीने कापायच्या, अशी तेव्हाची रीत. पण तो कुणी कापलाच नव्हता.

पारखी घुबडाने तो हुंगून पाहिला.

“वा! गुणाजीराव, जपा याला. एक पान कापलंत, की रद्दी.”

“आत काय लिहिलंय?”

“मला काय ठाऊक? मी पारखी आहे, वाचक नाही.”

आता राहिला होता फक्त सातवा. तो तळ्याकाठी सालोमीबाई कासविणीकडे होता. वाचून वाचून पानं मऊ पडलेली, कडेला हळदीची बोटं उमटलेली. गुणाजी लाजत लाजत तिच्या दारी गेला.

“ने बाबा,” म्हातारी म्हणाली. “मला आता दिसत नाही. पण एक काम कर. माझा खंड अर्ध्या वाक्यावर संपतो. ‘शेजारी काही मागायला आला आणि ते तुझ्या घरात असलं, तर त्याला कधीही असं म्हणू नकोस की’... बस! पुढचं आठव्यात. चाळीस वर्षं झाली, दारात आलेल्या कुणाशी मी मोकळं बोलत नाही. न जाणो, नेमकं तेच तोंडून जायचं! कासवालाही कधीतरी मरायचं असतं रे. तेवढं कळू दे.”

“एवढंच ना? उद्या या. वाचून दाखवतो.”

संच पुरा झाला. गुणाजीने अंगावरचा एक अणकुचीदार काटा उपटला आणि आठव्याच्या पहिल्या घडीला लावला. घुबडाचं बोलणं आठवलं. रद्दी! त्याने काटा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सालोमीबाई आली. तळ्यापासून बिळापर्यंत तिला अर्धा दिवस लागे.

“उद्या या, सालोमीबाई. आज काटा बोथट आहे.”

ती गेली. परत आली.

“उद्या या. हवा दमट आहे, पानं फाटतील.”

ती गेली. परत आली.

“उद्या या. आज पारखी यायचेत.”

असा महिना गेला. गुणाजीला लाज वाटे, नाही असं नाही. म्हणून तो हल्ली बाहेर न येता आतूनच म्हणे, “उद्या या!”

एके दिवशी म्हातारी उंबऱ्याशी दम घेत बसली होती. तेवढ्यात आठव्या खंडाच्या पाठीतून एक गुबगुबीत अळी बाहेर आली.

“कोण गं तू?” गुणाजी दचकला.

“कसर. पुस्तकं खाणारी. हा खंड आख्खा मीच संपवला. छान आहे. जरा कोरडा वाटला.”

गुणाजीच्या अंगावर होते नव्हते ते सगळे काटे उभे राहिले.

“बाई गं,” म्हातारी बाहेरून ओरडली, “पहिल्या पानावर काय होतं? काय म्हणायचं नाही?”

“दोनच तर शब्द,” कसर म्हणाली. “‘उद्या ये.’”

मग सालोमीबाई हसायला लागली. पाठ खडखडेपर्यंत हसली.

“अरे गुणाजी! हे तर तू मला रोजच वाचून दाखवत होतास की!”

आणि ती घरी निघाली. वाटेत भेटेल त्याच्याशी मोकळेपणाने बोलत गेली. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं. बिचारी खार संध्याकाळपर्यंत अडकली.

इकडे गुणाजीने काटा उचलला आणि घडी कापली. आतून मूठभर भुसा पडला.

मागाहून आलेलं घुबड हळहळलं. “कापायला नको होतं हो. आत काही नसतं तरी चाललं असतं.”

तात्पर्य : चांगलं पुस्तक कधी उघडू नये. त्यात नेमकं आपल्याबद्दलच लिहिलेलं असतं.